सत्तर सेकंदांचा झोका

डेअरीतून फोन आला तेव्हा त्यांचं निदान तयारच होतं: पाश्चरायझरचा पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून स्टीमचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करणारा) गेलाय, नवा घेऊन या. आमचं कंट्रोल पॅनलचं काम, वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत. नवा कंट्रोलर विकायला माझी काय हरकत असणार? पण "गेलाय म्हणजे नेमकं काय करतोय?" असं विचारल्यावर उत्तर आलं, "टेम्परेचर झुलतंय. वर जातं, खाली येतं. मिनिटा-सव्वा मिनिटाला एक फेरी." बिघडलेला कंट्रोलर इतका वक्तशीर नसतो.

डेअरी सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या पुढे. सोबत आमची ट्रेनी होती, इंजिनिअरिंग नुकतंच संपवलेली. हडपसर गाडीतळाला अडकलो असताना विषय एम-थ्रीवर, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरवर, आला. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही एम-थ्री म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कलनाची समीकरणं साध्या बीजगणितात बदलणारा लाप्लासचा तक्ता तिला अजून तोंडपाठ होता. तो कुठे वापरतात, हे मात्र तिला चार वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. नवल नाही, मलाही दाखवलं नव्हतं.

दूध तापवून जंतू मारणाऱ्या पाश्चरायझरची कल्पना सोपी आहे. दूध प्लेट हीट एक्स्चेंजर नावाच्या हीटरमध्ये स्टीमच्या उष्णतेवर तापतं आणि मग होल्डिंग ट्यूब नावाच्या नागमोडी स्टीलच्या पाइपातून जातं. किमान ७२ अंश तापमानात किमान १५ सेकंद राहिलं पाहिजे, हा नियम. वेळ मोजायला घड्याळ नसतं. पाइपाची लांबी आणि पंपाचा वेग मिळून ती वेळ ठरते. ट्यूबच्या शेवटी एक सेन्सर असतो. तिथं तापमान ७२च्या खाली गेलं की डायव्हर्जन व्हॉल्व्ह फिरतो आणि दूध पुढे न जाता परत सुरुवातीच्या बॅलन्स टँकमध्ये येतं. इथं सेटिंग ७५चं होतं आणि रेकॉर्डरवर रेघ ७१ ते ७९ अशी हेलकावत होती. म्हणजे प्रत्येक फेरीत थोडं दूध माघारी. कच्चं दूध बाहेर जात नव्हतं, पण माल निघत नव्हता.

रेकॉर्डरवर दोन शिखरांमधलं अंतर मोजलं तर ७० सेकंद. पुढचं ७०, त्यापुढचंही ७०च.

"मॅन्युअलवर टाकलं की गप बसतंय बघा," ऑपरेटर मामा म्हणाले. "ऑटोवर घेतलं की सुरू." या एका वाक्यानं अर्धं काम झालं. स्टीम, व्हॉल्व्ह, प्लेट सगळं ठीक होतं. भानगड लूपमध्ये, म्हणजे सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांच्या साखळीत होती.

दुपारी दूध संपल्यावर, सीआयपी (प्लांट न खोलता आतून धुणं) सुरू व्हायच्या आधी, प्लांट पाण्यावर चालवून घेतला. कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवून स्टीम व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवरून एकदम ४५वर नेला आणि रेकॉर्डरकडे बघत बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मामांनी व्हॉल्व्हला हात लावून तो खरंच उघडलाय ना, तेही पाहिलं. रेघ हलली तेव्हा २० सेकंद झाले होते. मग ती चढत गेली आणि बरोबर ४ अंश वर जाऊन स्थिरावली. त्या चारातले अडीच अंश, म्हणजे ६३ टक्के, पंचेचाळिसाव्या सेकंदाला झाले होते. ट्रेनीनं वहीत लिहिलं: गेन ०.८ (व्हॉल्व्हच्या एका टक्क्यामागे इतके अंश), टाइम कॉन्स्टंट २५ सेकंद (रेघ हलल्यापासून ६३ टक्क्यांपर्यंत), डेड टाइम २० (काहीच न होण्याचे).

वहीतलं समीकरणही तिनेच मांडलं. २५ गुणिले तापमान बदलण्याचा वेग, अधिक तापमान, बरोबर ०.८ गुणिले २० सेकंदांपूर्वीचा व्हॉल्व्ह. (तापमान आणि व्हॉल्व्ह दोन्ही आधीच्या स्थिर जागेपासून मोजायचे.) मग पेन थांबलं. "सर, लूप जोडल्यावर याचं ऑक्झिलरी इक्वेशन, ज्याची मुळं काढतो ते, कसं लिहायचं? हे २० सेकंदांपूर्वीचं कुठे घालू?"

लाप्लास इथं कामाला येतो. डेरिव्हेटिव्हच्या जागी एसने गुणायचं, एवढं सगळ्यांना आठवतं. पण उशीरही तिथं नुसता गुणाकार होतो: ई-चा उणे २० एस घात. अंशस्थानी त्याच्यासोबत ०.८, छेदात २५ एस अधिक १. संपलं. व्हॉल्व्हपासून सेन्सरपर्यंतचा सगळा प्लांट एका अपूर्णांकात बसला. लूप जोडल्यावर जे समीकरण येतं त्याला मुळं अनंत असतात, कारण ते बहुपदी उरत नाही. पण सगळी मुळं शोधायची गरजच नाही. एखादं मूळ उजव्या अर्ध्या प्रतलात गेलंय का, एवढंच बघायचं. गेलं असेल तर झोका विरण्याऐवजी वाढत जातो.

या पद्धतीचं मूळ ज्याच्याकडे जातं तो ऑलिव्हर हेव्हिसाइड टेलिग्राफच्या केबल्समध्ये गुंतलेला माणूस होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यानं डेरिव्हेटिव्हला सरळ बीजगणितातल्या अक्षरासारखं वागवलं, आणि गणितज्ञांनी नाकं मुरडली. लाप्लासच्या इंटिग्रलचा भक्कम पाया त्याखाली नंतर घातला गेला. खुद्द लाप्लास तर १८२७ सालीच वारला होता. आम्ही व्हॉल्व्हला दिलेली ४० ते ४५ची उडी म्हणजे हेव्हिसाइडचंच स्टेप फंक्शन.

आता खरा प्रश्न. ड्रॉइंगप्रमाणे कंट्रोलचा सेन्सर हीटरच्या तोंडाशीच होता. कमिशनिंगच्या, म्हणजे प्लांट पहिल्यांदा सुरू केला तेव्हाच्या फाइलमध्ये डेड टाइम ४ सेकंद लिहिलेला. टाइम कॉन्स्टंट तेव्हाही २५. मग वरचे १६ आले कुठून?

मी काही बोलायच्या आत ट्रेनी होल्डिंग ट्यूबच्या पाटीकडे बघायला लागली होती. पाटीवर लिहिलं होतं: होल्डिंग टाइम १६ सेकंद.

पॅनल उघडून वायर हाताने मागे नेत गेलो. हीटरपाशी थर्मोवेल (सेन्सर बसवायची नळी) रिकामा, वर प्लग. आणि ट्यूबच्या शेवटी जो डायव्हर्जनचा सेन्सर, त्याच्याच ट्रान्समीटरचा सिग्नल कंट्रोलरमधूनही फिरवलेला. मेंटेनन्सवाल्यांना विचारलं. आधीचा सेन्सर गेला, नवा येईपर्यंत तात्पुरतं केलं. कधी? यावर जरा कुजबुज झाली.

बाथरूमपासून गिझर लांब असला की नळ फिरवून चटका बसतो, थंड करावं तर गारठा येतो, तसं इथं चाललं होतं. पण एवढ्यावर मेंटेनन्स मॅनेजर ऐकेनात. सोळा सेकंदांनी एवढा फरक पडतो होय, हा त्यांचा सवाल. रास्त होता. म्हणून त्यांच्या टेबलावर हिशेब मांडला. ७० सेकंदांच्या फेरीला कोनीय वेग येतो सेकंदाला ०.०९ रेडियन. त्या वेगाला २० सेकंदांचा उशीर सिग्नलला १०३ अंश मागे टाकतो (हे कोनाचे अंश, तापमानाचे नव्हेत), प्लांटची मंदगती ६६, आणि कंट्रोलरचं ६० सेकंदांचं इंटिग्रल (मागची चूक साठवत दुरुस्ती करणारा भाग) साधारण ११. बेरीज १८०, अर्धी फेरी. म्हणजे दुरुस्ती बरोबर उलट्या वेळी पोचते. उशिराची गंमत अशी की तो सिग्नलला बारीक करत नाही, फक्त मागे ढकलतो. लहान करायचं काम एकट्या प्लांटवर पडतं. कंट्रोलर तापमानाच्या एका अंशामागे व्हॉल्व्ह पावणेचार टक्के हलवत होता. ते ०.८शी गुणलं की ३. प्लांट त्या वेगाला त्याचं साधारण १.२ करतो, म्हणजे एक फेरी मारून आलेली चूक मुळापेक्षा सव्वापट. वाढत वाढत व्हॉल्व्ह आपल्या वरच्या-खालच्या मर्यादांना आपटेपर्यंत, आणि मग तिथंच झुलत राहायचं. जुने ४ सेकंद असते तर त्याच वेगाला बेरीज १००च्याही आत राहिली असती. तीच सेटिंगं इतके दिवस निमूट चालली होती ती यामुळे.

७० हा आकडा रेकॉर्डरवरही होता आणि कागदावरही आला, तेव्हा मॅनेजर नवा कंट्रोलर मागायचे थांबले.

नवा सेन्सर हाताशी नव्हता. त्या दिवसापुरतं कंट्रोलरचं पावणेचार दीडवर आणलं. झिग्लर आणि निकोल्स यांच्या कंट्रोलरचं सेटिंग ठरवण्याच्या १९४२ सालच्या नियमानेही जवळपास तेवढंच येत होतं. प्रत्येक फेरीत चूक निम्मी होईल, असं ट्रेनीनं आधी सांगून ठेवलं आणि मग ऑटोचं बटण दाबलं. रेघ एकदा ७५च्या वर गेली, थोडी खाली आली, बसली. मामांनी खुर्ची ओढून घेतली आणि दहा मिनिटं रेकॉर्डरसमोरून हलले नाहीत. ट्रेनीचा आग्रह होता की स्मिथ प्रेडिक्टर लिहू या, १९५७ पासूनची रीत आहे, उशीर गणितानं झाकता येतो. येतो. पण जो उशीर पाना फिरवून जातो, त्यावर गणित कशाला खर्च करायचं?

मला झुलण्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकली होती, आणि निघण्यापूर्वी आवाज चढला तो त्यावरून. तापवणारा आणि पहारा देणारा सेन्सर एकच झाला होता. तो उद्या चार अंश जास्त दाखवायला लागला, तर कंट्रोलर त्याच्यावर विश्वास ठेवून स्टीम कमी करेल, आणि डायव्हर्जन व्हॉल्व्हही त्याच्यावरच विश्वास ठेवून दूध पुढे सोडेल. झुलणारी रेघ निदान दिसत तरी होती. ही चूक कुणाला दिसलीच नसती. मॅनेजर म्हणाले, बसवतो हो पुढच्या शटडाऊनला. मी म्हटलं, पुढच्या शटडाऊनला नाही. सेन्सर मी पाठवतो, तुम्ही तोवर रोज शिफ्टच्या सुरुवातीला हातातल्या थर्मामीटरनं पडताळा घ्या आणि लॉगबुकात लिहा.

भोसरीतून पीटी-१०० सेन्सर गेला, हीटरपाशी बसला, डेड टाइम पुन्हा ४ आला आणि जुनं पावणेचारचं सेटिंग परत घातलं. वायरिंगच्या ड्रॉइंगवर मात्र अजून मॅनेजरची सही यायची आहे. ट्रेनी दर सोमवारी फोन करते.