उतरायच्या आधी हात लोखंडावर

ग्वाल्हेरात गाडीतून उतरताना घर्षणाच्या विजेचा चटका बसण्याचे दोन हंगाम आहेत. एक संक्रांतीच्या आगेमागे, शाली-स्वेटरांचा. दुसरा चैत्र-वैशाखातला, लू, म्हणजे उन्हाळी गरम वारे, सुटते आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या घरात येते तेव्हाचा. मधल्या आषाढ-श्रावणात तीच गाडी, तोच माणूस, तेच दार. पण बोटाला काही होत नाही. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर गेली की कपड्यांवर, सीटवर, कातडीवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि साठू पाहणारा विद्युतभार त्यावरून गुपचूप निसटतो.

त्यातला हिवाळा जरा फसवा. जानेवारीत शहराच्या मुरार भागापासून लष्कर भागापर्यंत धुकं पसरलेलं, हवा ओलीगार, मग चटका बसायचं कारण काय? कारण गाडीतला हीटर. बाहेरची ८ अंशांची धुक्याची हवा आत घेऊन २४ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या पाण्यापैकी असलेलं पाणी) १०० वरून ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. बाहेर काचेवरून दव ओघळतंय आणि आत वैशाख! उन्हाळ्यात हेच काम एसी करतो. तो तर हवेतलं पाणी काढून गाडीखाली टपकवतच असतो.

चटका बसला की बिचाऱ्या बॅटरीवर संशय जातो. तिचे १२ व्होल्ट कोरड्या कातडीच्या पलीकडे काही पोचवू शकत नाहीत. हवेतून एक मिलिमीटरची ठिणगी उडायलाच साधारण ३,००० व्होल्ट लागतात, आणि माणसाला चटका जाणवू लागतो तोही जवळपास तेवढ्यालाच. सीटवरून उठणाऱ्या माणसाच्या अंगी ५ ते १० हजार व्होल्ट सहज येतात. आकडा ऐकून घाबरायला नको. भार इतका थोडा असतो की सगळा खेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत आटोपतो. जिवाला धोका नसतो, फक्त दचकायला होतं आणि हातातली भाजीची पिशवी खाली येते.

हे व्होल्ट येतात कुठून, तर उठण्यातून. बसलेलो असताना पाठ आणि मांड्या सीटला घासत राहतात, एका पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. एकमेकींना चिकटलेल्या पोळ्या सोडवताना एकीचा पापुद्रा दुसरीवर राहून जातो, तसंच. पण जोवर अंग सीटला टेकलेलं आहे तोवर दोन्हीकडचे विरुद्ध भार शेजारी-शेजारी असतात आणि बाहेर काही दिसत नाही. आपण उठतो तेव्हा पायांच्या ताकदीनं ते एकमेकांपासून ओढून लांब नेतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात व्होल्टेज चढतं. सीटकडचा भार गाडीच्या सांगाड्यातून, टायरांतून जमिनीत उतरायला लागतो. आपला मात्र रबरी तळव्यांच्या बुटांत अडकून राहतो, आणि दार लोटायला बोट पुढे केलं की चट्!

म्हणून गाडीच्या मागे लोंबणारा तो रबरी पट्टा मला कधी पटला नाही. ॲक्सेसरीच्या दुकानात तो विजेचं चिन्ह छापून हौसेनं विकतात. तो गाडीचा भार जमिनीत नेतो हे खरं, पण ते काम बरंचसं टायरही करतात. टायर काळे असतात ते त्यातल्या काजळीमुळे, आणि काजळी वीज थोडीफार वाहून नेते. इंधन वाचवणाऱ्या नव्या टायरांत काजळीऐवजी सिलिका जास्त घालतात, ती वीज अडवते. अशा काही टायरांत मग रस्त्याला टेकणाऱ्या भागातून वीजवाहक रबराची अरुंद पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. पट्टा असो की पट्टी, चटका बसतो तो आपल्या अंगावरच्या भाराचा. त्याचा उपाय गाडीच्या मागे टांगून होत नाही.

उपाय अगदी साधा, फक्त क्रम चुकायला नको. दार उघडायचं. अजून सीटवरच बसलेलो असताना हात उघड्या धातूवर ठेवायचा. तो धरून उठायचं, दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे, सीटपासून अंग पूर्ण सुटू द्यायचं आणि मगच हात काढायचा. भार तयार होता होताच हातातून गाडीत परत जातो, साठतच नाही. सगळी मेख त्या ‘अजून बसलेलो असताना’मध्ये आहे. आधी उठून मग धातूला हात लावला, तर तो चटका स्वतःहून मागून घेतल्यासारखाच झाला.

आता उघडा धातू कुठला? आतलं चकचकीत हँडल बहुधा प्लास्टिकचं असतं, वर नुसता क्रोमचा मुलामा. दाराच्या चौकटीला रबरी बीडिंग असतं, ते धरून उपयोग नाही. चौकटीवरचा रंगही विजेला बराच अडवतो. खात्रीची जागा म्हणजे दाराचं लॉक ज्यात अडकतं ती मधल्या खांबावरची लोखंडी कडी. मेकॅनिक तिला स्ट्रायकर म्हणतात. दार उघडलं की चालकाच्या उजव्या कोपराच्या जरा मागे ती दिसते, तिच्या स्क्रूंची डोकीही उघडी असतात. दाराच्या बिजागऱ्या बहुतेकदा रंगवलेल्याच असतात, त्यामुळे ही कडीच बरी. गुडघे दुखणारी मंडळी नाहीतरी खांबाचा आधार घेऊनच उतरतात. “काकू, हात जरा खाली, त्या कडीवर ठेवा” एवढंच सांगायचं. टुणकन उडी मारणाऱ्या भाच्याला शिकवणं जास्त कठीण.

विसरून उतरलातच, तर बोटाचं टोक पुढे करू नका. किल्लीचं लोखंडी पातं किंवा नाणं मुठीत घट्ट धरून त्याचं टोक कडीला टेकवा. ठिणगी उडेल, पण ती नाण्यावरून. हातात भार मोठ्या जागेतून उतरतो म्हणून टोचत नाही. रिमोटच्या प्लास्टिकचा यात उपयोग नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कृत्रिम रेशमाची साडी, वर लोकरीची शाल आणि खाली रेक्झिनची सीट असा पक्का बेत जमतो, तेव्हा हातातली सोन्याची पाटली टेकवली तरी चालते. काचेच्या बांगड्यांचा उपयोग नाही.

काही जण धातू टाळून काचेवर किंवा कोपरानं, बाहीनं दार लोटतात. दार बंद होतं, भार अंगावरच राहतो. मग तो घराच्या लोखंडी फाटकाला, नाहीतर पुढे धावत आलेल्या नातवाच्या गालाला मिळतो.

आता मूळ दुखण्याकडे. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, आणि पॉलिएस्टर, हे घासल्यावर ऋणभार घेणाऱ्यांतले; लोकर आणि नायलॉन धनभार घेणाऱ्यांतले. ही दोन टोकं एकमेकांवर घासली की भार भरपूर. कापूस यांच्या मधला, शिवाय पाणी धरून ठेवणारा: साध्या हवेत कापसात वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. तेव्हा सरकारी साहेबांच्या सीटवरचा तो पांढरा टॉवेल हसण्यावारी नेऊ नका, तो सुती असेल तर फार शहाणा आहे. मात्र टॉवेल पाठीलाही हवा. शाल आणि जॅकेट पाठीलाच घासतात. सीटच्या बाहेरच्या कडेत एअरबॅग असेल तर ती कड मोकळी सोडा. स्वेटर-जॅकेट काढायचंच झालं तर गाडीबाहेर काढा, सीटवर बसून अंगातून ओढू नका.

फॅब्रिक कंडिशनरही चालतो. एक लिटर पाण्यात २० ते ३० मिली घालून फवाऱ्यानं कापडी सीटवर हलका शिडकावा, पूर्ण वाळल्यावरच बसायचं. आधी कोपऱ्यात डाग पडतो का ते बघा. सीट भिजवायची नाही. आत फोम असतो, वायरी असतात. असर काही आठवडे टिकतो, घासून गेला की पुन्हा. चप्पल-बुटांचं म्हणाल तर चामड्याच्या तळाची कोल्हापुरी भार जमिनीत जाऊ देते, खाली टायरचं रबर ठोकलेली तेवढं करत नाही.

पेट्रोल पंपावर मात्र हे सगळं गमतीचं राहत नाही. १०,००० व्होल्टला अंगावरची ऊर्जा सुमारे ७ मिलिज्यूल भरते. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल पुरते. आपल्याकडे नळी पंपावरचा माणूस धरतो म्हणून निभावतं, पण पैसे द्यायला उतरून टाकीच्या तोंडाशी उभं राहू नये, आणि उघड्या टाकीजवळ जॅकेट तर अजिबात काढू नये. कॅन भरायचा तर डिकीतल्या गालिच्यावर ठेवून नाही, खाली जमिनीवर ठेवून. सीएनजी भरताना सगळ्यांना उतरावंच लागतं. तिथे कडी धरून उतरायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं.

एक वेगळा प्रकार मात्र ओळखता यायला हवा. घर्षणाचा चटका एकदाच बसतो, लगेच पुन्हा हात लावला तर काही नाही. इलेक्ट्रिक गाडी घरच्या प्लगवर चार्जिंगला लावलेली असताना पत्र्याला हात लावला की दरवेळी मुंग्या येत असतील, तर ती घरची वीज आहे, आणि बहुधा अर्थिंग तुटलेलं किंवा मुळातच नसलेलं आहे. अशा वेळी पत्र्याला पुन्हा हात न लावता आधी एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडायचा, मग इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं, आणि तोवर त्या प्लगवर गाडी लावायची नाही.