चार भिंतीचा चढ

साताऱ्यात राहून चार भिंती या टेकडीवरच्या स्मारकाचा चढ सोडावा लागणे आमच्या हिला सर्वांत जड गेले. दोन वर्षे तिच्या धापेचे खापर रक्तक्षयावर फुटत राहिले. अखेर उजव्या हृदयातून नळी नेऊन फुप्फुसाच्या धमनीतील सरासरी दाब मोजला, तेव्हा तो पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या मर्यादेच्या बराच वर निघाला; म्हणजे दुखणे फुप्फुसातल्या उच्च रक्तदाबाचे (पल्मनरी हायपरटेन्शन) होते. दंडावरचा रक्तदाब मात्र नेहमी उत्तम असतो, त्यामुळे ‘बीपी तर ठीक आहे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा दाब निराळा, हे समजावण्यातच माझा निम्मा वेळ जातो. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या, पण लोकांना ‘व्हायग्रा’ म्हणूनच ठाऊक असलेल्या सिल्डेनाफिलची चिठ्ठी पाहून औषधाच्या दुकानातला मुलगा गालात हसला, त्याचा राग अजून आहे. आता अंगात पाणी साठते का हे कळावे म्हणून रोज सकाळी वजनाची नोंद होते, आणि राजवाड्यापर्यंत चालताना मीच मुद्दाम दुकानांपाशी रेंगाळतो, म्हणजे आपल्यामुळे थांबावे लागले असे तिला वाटत नाही.