किशोर भयकादंबरी स्वतः छापताना: अर्ध्या ‘र’ने आणलेले नाकी नऊ

‘मुलांना एवढं काळंकुट्ट कोण वाचायला देणार’ असं ऐकून ज्यांचं हस्तलिखित परत आलंय आणि आता जे स्वखर्चाने पुस्तक काढायला निघालेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), कागद, छपाई, बांधणी ही कामं सरळ होतात. माझा जीव खाल्ला तो डीटीपीने, म्हणजे संगणकावर पानं लावण्याच्या कामाने, तोही एकाच अक्षरापायी.

कादंबरी 13 ते 18 वयासाठी, गॉथिक वळणाची. गॉथिक म्हटलं की परदेशी किल्ले आणि वटवाघळंच हवीत असं काही नाही, आपल्याकडे पडका वाडा, भुयार आणि बारव पुरते. गोष्टीतली विहीर मी साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीवरून घेतली. शके 1641 ते 1646 मधलं ते बांधकाम, आत महाल आणि खाली उतरत जाणारा दगडी जिना. म्हणजे पानोपानी पायऱ्या, अंधाऱ्या, कोपऱ्यात, उंबऱ्याशी, चेहऱ्यावर, कुऱ्हाड. भयकथेचा निम्मा शब्दसंग्रह या अर्ध्या र वर उभा असतो, हे लिहिताना कुणाच्या डोक्यात येतंय?

प्रूफ हातात आलं तेव्हा त्यात होतं: पायर्या, अंधार्या, कोपर्यात, कुर्हाड. साताऱ्याच्या ठिकाणी ‘सातार्याच्या’. नायिकेच्या समोर खोल दऱ्या हव्या होत्या, तिथे दर्या पसरला होता. ‘‘मॅडम, कन्व्हर्ट करताना थोडंफार हलतंच. प्रूफात काढा की,’’ हे वर डीटीपीवाल्याचं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे कुणी ‘थोडंफार हलतं’ म्हटल्यावर गप्प बसावं लागणार नाही. आपण लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर टाइप करतो ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. बरीच डीटीपी केंद्रं अजून पेजमेकर 7 या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतात. ती आवृत्ती 2001 ची, तिला युनिकोड कळत नाही. मग आपला मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटात नेला जातो. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ, त्याला हलंत (पाय मोडण्याचं चिन्ह) आणि पुढे य किंवा ह. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून J ची कळ दाबली की हा ऱ येतो. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. मोबाइलवरचे काही कळफलक ही दुसरी तऱ्हा वापरतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. कन्व्हर्टरला मात्र एखादीच तऱ्हा ओळखता येते. दुसरीतलं अदृश्य चिन्ह तो गाळून टाकतो, आणि चिन्ह गेलं की उरतो रफार.

म्हणूनच नमुना पान चोख निघालं. पहिलं प्रकरण लॅपटॉपवरचं होतं, पुढची बरीच मोबाइलवरची. नमुना बघून होकार द्यायचा आणि सगळं पुस्तक लागून आल्यावर कपाळाला हात लावायचा, असा हा सापळा आहे.

एकदा मजकूर जुन्या फाँटात गेला की ‘सगळे र्य बदला’ असंही करता येत नाही. सूर्य, धैर्य, आश्चर्य, क्रौर्य, मर्यादा यांना रफारच हवा. एकेक शब्द हाताने दुरुस्त करावा लागतो. त्यात ओळ सरकते, परिच्छेद पुढच्या पानावर जातो, प्रकरणाची शेवटची एकच ओळ कोऱ्या पानावर लटकते. त्याच कन्व्हर्टरने ॲ सुद्धा खाल्ला होता आणि संवादांच्या अवतरणचिन्हांच्या जागी भलत्याच मात्रा बसवल्या होत्या. एवढं असून दुरुस्तीचे पैसे पानामागे वेगळे! चूक त्यांच्या यंत्राची आणि भुर्दंड आपल्याला, हे मला अजून पचलेलं नाही.

वर मुहूर्त असा की विचारू नका. साताऱ्याचं 99 वं साहित्य संमेलन 1 ते 4 जानेवारी 2026 ला, त्याआधी पुस्तक हवं होतं. डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका, 15 जानेवारीला आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं मतदान, शिवाय कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका. उमेदवाराचं पत्रक तासाभरात लागतं, रोख पैसे मिळतात, मग तुमची दोनशे पानं मागेच राहणार. ‘उद्या या’ हे उत्तर ठरलेलं. संमेलन आलं आणि गेलं. ज्यांना पुस्तक काढायचंय त्यांनी पावसाळ्यातच डीटीपीला द्यावं. दिवाळीनंतर सांगलीत कुणी पुस्तकाला हात लावत नाही.

शेवटी फाइल उचलली आणि इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोडवर काम करणाऱ्याकडे दिली. ‘युनिकोड करता का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचं ते ‘पेजमेकर का इनडिझाइन’, आणि ही ओळ लावून छापील नमुना मागायचा: ‘साताऱ्यातल्या आचाऱ्याने सूर्यास्तानंतर अंधाऱ्या पायऱ्यांवर कुऱ्हाड, ॲसिड आणि शाल ठेवली.’ यात ऱ्य, ऱ्ह, खरा रफार आणि ॲ, सगळं आलं. शाल घातली ती श आणि ल साठी. इनडिझाइनमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली नाही तर काही फाँटांत ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. वेलांटी अक्षराच्या पुढे पडली किंवा जोडाक्षरं सुटी झाली, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायला सांगा. फाँटासाठी खर्च नको. आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा तिरो देवनागरी मराठी, दोन्ही मोफत आहेत आणि पुस्तकाला शोभतात.

फाइल देण्याआधी घरीच एक काम करा. लिब्रेऑफिसमध्ये मोबाइलवर टाइप केलेल्या भागातला एखादा ‘र्‍य’ उचलून शोधाच्या चौकटीत टाका आणि बदलाच्या चौकटीत नुक्ता असलेला ‘ऱ्य’. आधी नुसतं ‘सर्व शोधा’ करून बघा. ‘सूर्य’ सुद्धा निवडला जात असेल तर एकदम बदलू नका, एकेक करत जा. हेच ‘ऱ्ह’चं. नंतर साधा ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून नजर फिरवा. ‘र्ह’ तर जवळजवळ सगळे चुकीचेच निघतील, भयकथेत ‘अर्हता’ येतेय कशाला?

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्जावर मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावावर, फुकट. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. ई-पुस्तक काढणार असाल तर त्याचा क्रमांक वेगळा घ्यावा लागतो.

मुखपृष्ठ काळंच हवं असा आपला सगळ्यांचा हट्ट. नुसती काळी शाई 300 जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) आर्ट कार्डवर राखाडी दिसते. काळ्यासोबत थोडी निळी, गुलाबी, पिवळी शाई द्यावी लागते, पण मग त्यावरची पांढरी बारीक अक्षरं बुजतात. मलपृष्ठावरचा मजकूर जरा जाड वळणाचाच ठेवा. मॅट लॅमिनेशनवर बोटांचे ठसे आणि ओरखडे उठतात. पाठीच्या घडीवर पांढरी रेघ फुटू नये म्हणून घडीच्या जागी क्रीझिंग करून घ्या, म्हणजे आधीच दाबून खाच पाडून घ्या. बारकोड पांढऱ्या चौकोनात, काळ्या रेघांचाच. काळ्यावर पांढऱ्या रेघा झकास दिसतात, पण दुकानातला स्कॅनर त्या वाचत नाही. आत प्रकरणारंभी अख्खं काळं पान हा मोहही टाळा. 70 जीएसएम कागदावर ते मागून दिसतं.

मलपृष्ठावर ‘सत्य घटनेवर आधारित’ छापू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात शाळेचे ग्रंथपाल भुताबद्दल चार प्रश्न विचारणारच, आणि ते रास्त आहे. आत वयोगट छापलेला असला की बोलणं सोपं जातं.

पानं 16 च्या पटीत बसवा. एक फर्मा 16 पानांचा. डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात 13 फर्मे म्हणजे 208 पानं, 70 जीएसएमवर कव्हरसकट साधारण 240 ग्रॅम. हा हिशेब टपालासाठी. 1 मे 2025 पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट या टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेत 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये लागतात, कर वेगळा. 17 फर्मे केले की पुस्तक या टप्प्याबाहेर जातं.

स्वतः छापलं म्हणजे कायद्याने प्रकाशक तुम्हीच. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून 30 दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना आपल्या खर्चाने पाठवायची असते. पोचपावत्या जपून ठेवा. ज्ञान पोस्टने पाठवताना पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं, आणि पाकिटात जाहिरातीचं पत्रक घालू नका, ते चालत नाही.