पेलेट गप्प का बसले

गुडघ्यात हाडांच्या टोकाला जी गुळगुळीत कूर्चा असते ना, तिच्यातल्या कॉन्ड्रोसाइट पेशींवर काम करते मी. प्रश्न साधाच होता, प्लेटवर सपाट वाढवलेल्या पेशी आणि छोटा गोळा म्हणजे पेलेट करून वाढवलेल्या पेशी, दोघींना तेच इंटरल्यूकिन-१ बीटा, म्हणजे सूज पेटवणारं प्रथिन, दिलं तर दोघी सारखाच आरडाओरडा करतात का.

त्या दिवशी सकाळी एलायझा, म्हणजे नमुन्यात एखादा पदार्थ किती आहे ते मोजणारी चाचणी, वाचला. प्लेटवाल्यांचं प्रोस्टाग्लँडिन ई-२, म्हणजे सूज आली की पेशी सोडतात तो पदार्थ, इतकं चढलेलं की दोन नमुने चाचणीच्या मोजपट्टीच्याही वर गेले, आणि पेलेट ढिम्म! इंटरल्यूकिन दिलेले आणि न दिलेले, आकडे जवळपास तेच. मी उड्याच मारायच्या बाकी होते. पटण्यासारखं पण होतं हो, प्लेटवर दोन-तीन पॅसेज झाले, म्हणजे पेशी उचलून नव्या प्लेटवर वाढवल्या, की या पेशी कूर्चेचं कोलॅजन-२ सोडून कोलॅजन-१ बनवायला लागतात, फायब्रोब्लास्टसारख्या (साध्या जोडऊतीतल्या पेशींसारख्या) वागतात, आणि परत गोल राहू दिल्या की मूळ स्वभावावर येतात, हे बेन्या आणि शेफर यांनी १९८२ मध्येच अ‍ॅगरोज जेलमध्ये दाखवलंय. म्हणजे अस्सल पेशी सूज सहन करतात, अशी गोष्ट डोक्यात तयार, स्लाइडचं हेडिंगसुद्धा टाइप करून टाकलं.

दुपारी पेलेटचं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, संपलं म्हणून नवीन करायला बसले. यादी पाठ आहे, तरी कागद समोर ठेवायची सवय. आयटीएस हे इन्सुलिनवालं मिश्रण, व्हिटॅमिन सी, टीजीएफ बीटा हा वाढ-घटक, डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर... पिपेट तिथेच थांबलं.

अरे, हे सूज दाबणारं स्टेरॉइड आहे! कूर्चा नीट बनावी म्हणून पेलेटमध्ये घालतात आणि मी तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी मुकाट्याने घालतेय, इंटरल्यूकिन दिलं त्या दिवशीसुद्धा. प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम, कॉक्स-२, तेच दाबलेलं असेल तर प्रोस्टाग्लँडिन येणार कुठून? प्लेटच्या मीडियममध्ये मात्र डेक्सा नाही, वर १० टक्के सीरम. म्हणजे मी सपाट विरुद्ध गोळा असं काही तपासलंच नव्हतं.

सरांना सांगितलं तर ते दोन मिनिटं हसतच होते. म्हणाले, "तोंडावर हात ठेवून विचारलंस की ओरडत का नाहीस?"

परत सगळं लावलं. दोन्हीकडे डेक्सा बंद, सीरम बंद, ग्लुकोज सारखं, आणि आकडे डीएनएवर भागून, कारण पेलेटमध्ये पेशी किती उरल्यात ते नुसतं बघून कळत नाही. या वेळी पेलेटही बोलले. प्लेटपेक्षा कमी, पण एमएमपी-१३, म्हणजे कूर्चा तोडणारं एन्झाइम, चांगलंच वर. आता हा उरलेला फरक पेशींच्या स्वभावाचा की भोवतीच्या मॅट्रिक्समधून (पेशींनी विणलेल्या जाळीतून) इंटरल्यूकिन आत उशिरा पोचतं त्याचा, ते अजून बघायचंय. शिवाय आम्ही देतो मिलिलिटरला १० नॅनोग्राम, सांध्यातल्या द्रवात ते पिकोग्रामच्या हिशोबात असतं, आणि साध्या इनक्युबेटरमधला ऑक्सिजन कूर्चेतल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण तो वेगळाच पसारा.

मग जुनी वही काढली. गेल्या वर्षीच्या पेलेटसमोर माझ्याच अक्षरात, 'परिणाम नाही'. मीडियम तेच, डेक्सासकट. त्या ट्यूब अजून मायनस ८० च्या फ्रीझरमध्ये आहेत, परत मोजून उपयोग शून्य, पण टाकायला हात होत नाहीये.