कुटाच्या गावात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी

कोल्हापुरात शेंगदाणा टाळायचा म्हणजे किती ठिकाणी टाळायचा, हे मुलाच्या निदानानंतर उमजत गेलं. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट. रंकाळ्यावरच्या भेळेत आणि जयसिंगपूरच्या भडंगात अख्खे दाणे. चिक्कीचा तुकडा खाल्ल्यावर काही मिनिटांतच त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली. घरात सगळे म्हणाले, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. आम्ही त्याला उचलून थेट दवाखाना गाठला.

रक्ताच्या तपासणीत शेंगदाण्यासोबत गहू आणि तूरडाळही पॉझिटिव्ह आली. पण चपाती-आमटी तर तो रोज खातो! डॉक्टरांनी विचारलं, "खाऊन कधी त्रास झालाय?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग बंद करायचं नाही. रक्तात अँटिबॉडी सापडली म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नसतं." नुसता रिपोर्ट बघून वाढत्या मुलाचं गहू-डाळ-दूध तोडणारे पालक मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

मग त्वचेवरची प्रिक टेस्ट. तिच्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीचं सिरप बंद ठेवावं लागतं, नाहीतर गांध उठतच नाही. हातावर थेंब ठेवून सुईने हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघतात. शेंगदाण्याच्या जागी चांगली टरटरून गांध आली. काजू, तीळ, खसखस इथे काहीच नाही. हे पदार्थ तो आधीही बिनत्रास खात होता. पांढरा रस्सा वाचला, म्हणून आजोबा सर्वांत खूश!

सिरपने खाज आणि गांधी कमी होतात, पण श्वास अडकला, आवाज घोगरा झाला, मूल मलूल पडलं तर औषध एकच: अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. परदेशात मिळणारं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. डॉक्टरांनी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची छोटी कुपी, आणि सिरिंज दिली, दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याचा डोस कागदावर लिहून दिला आणि भरायला, टोचायला शिकवलं. वजन वाढलं की डोस बदलून घ्यायचा, औषध उन्हात ठेवायचं नाही, तपकिरी दिसलं तर टाकून द्यायचं. इंजेक्शननंतर मुलाला आडवं ठेवायचं, १०८ ला फोन करायचा आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. याच कागदाची प्रत शाळेत बाईंकडे दिलीय.

पाकिटावरची माहिती वाचणं त्यामानाने सोपं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटबंद पदार्थात शेंगदाणा असेल तर तसं छापावं लागतं. खरी परीक्षा सुट्या खाण्याची. एका गाड्यावर दाणे आहेत का विचारलं, तर उत्तर आलं, "दाणं न्हाईत ओ वहिनी, नुसतं कूट हाय." तेव्हापासून मी तीन प्रश्न वेगवेगळे विचारते: दाणे आहेत का, कूट घातलंय का, तेल कुठलं? रिफाइंड शेंगतेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात मात्र राहू शकतात. सासूबाईंनी घाण्याचं तेल बंद करून करडई आणली, कुटाऐवजी तिळाचं कूट आणि सुकं खोबरं वापरायला लागल्या. त्यांच्या वयात हातचा अंदाज बदलणं सोपं नसतं.

धाकटीच्या वेळी मी डॉक्टरांना आधीच विचारलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'लीप' अभ्यासात दिसलं, की जास्त धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिला, तर ही अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण खूप घटतं. तिची तपासणी करून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही सुरुवात केली. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून पातळ पेस्ट नाचणीच्या खिरीत कालवून देतो. दादा शाळेत असतानाच, तिची वाटी वेगळी ठेवून. नंतर तिचं तोंड आणि माझे हात साबणाने धुते, कारण सॅनिटायझरने शेंगदाण्याची प्रथिनं जात नाहीत. दादाची तपासणी अधूनमधून पुन्हा होणार आहे. पाचातल्या साधारण एका मुलाची ही अ‍ॅलर्जी मोठेपणी जाते, असं डॉक्टरांनी सांगितलंय.