कर्दळीला उपाशी ठेवणारी सून

"झाडं लावायची आणि त्यांना खायला द्यायचं नाही, हे कुठलं गं शास्त्र?"

मागच्या एप्रिलमध्ये सासूबाई मला असं म्हणाल्या. आरोप शंभर टक्के खरा होता. परसातल्या कर्दळीची पानं पिवळी पडत होती आणि मी रोज चहाचा कप हातात घेऊन तिच्याकडे नुसती बघत होते. खत नाही, माती नाही, काही नाही. मुळं नुसत्या खडीत, कारण ती कर्दळ तळ्याचं पाणी साफ करायला लावलेली.

आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडच्या पार टोकाला. मागच्या अंगाला थोडी जागा होती, तिथे तीन वर्षांपूर्वी तळं केलं. दहा फूट लांब, सात फूट रुंद, मधे अडीच फूट खोल. पाणी साधारण ४,००० लिटर. निफाडला मामेभावाने द्राक्षबागेसाठी शेततळं केलं, त्याचा उरलेला काळा ५०० मायक्रॉनचा कागद मिळाला, म्हणून हे धाडस. कागद मजबूत, पण भलताच ताठ. कोपऱ्यात त्याची घडी घालणं म्हणजे वाळलेल्या पापडाची घडी घालणं. खाली जुन्या सतरंज्या अंथरल्या, त्यातली एक सासूबाईंच्या माहेरची होती हे नंतर कळलं. तो विषय आजही मिटलेला नाही.

पहिल्या उन्हाळ्यातच पाणी हिरव्या मुगाच्या वाटलेल्या पिठासारखं झालं. मनगटापर्यंत हात घातला तर बोटं दिसेनात. दुकानातून स्पंजचा फिल्टर आणला, तो चार दिवसांत तुंबायचा. दर वेळी मी तो नळाखाली खळखळून धुवायचे. म्हणजे जे जिवाणू पाणी साफ करणार, त्यांनाच दर चार दिवसांनी क्लोरीनची आंघोळ! हे समजायला मला वर्ष लागलं.

मग बॉग फिल्टर. मराठीत 'खडीचा वाफा' म्हणा हवं तर. तळ्याला लागून एक उथळ हौद बांधायचा, त्यात खडी भरायची, तळाशी चिरा पाडलेले पाईप टाकायचे, पंपाने तळ्यातलं पाणी त्या पाईपांतून सोडायचं. ते खडीतून हळूहळू वर येतं आणि एका बाजूने पुन्हा तळ्यात पडतं. वर झाडं. यात नवीन काही नाही. जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी १९५०च्या दशकात बोरूसारख्या पाणवनस्पतींकडून सांडपाणी साफ करून घेण्याचे प्रयोग केले होते, आणि आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेचं 'फायटोरिड' तंत्रही खडी आणि झाडं यांवरच चालतं. ते सांडपाण्यासाठी, माझं बारा गोल्डफिश आणि मोजता न येणाऱ्या गप्पींसाठी.

हौद सात फूट बाय दोन फूट, म्हणजे तळ्याच्या पृष्ठभागाच्या वीस टक्के. दहा टक्क्यांतही भागतं म्हणतात, पण आमच्याकडे ऊन कडक आणि मी माशांना जरा जास्तच खायला घालते. खोली सव्वा फूट. भिंत विटांची, तळ्याच्या काठापेक्षा चार बोटं उंच, आतून तोच काळा कागद.

प्लंबरदादा पाईपांचा आराखडा बघून म्हणाले, "ताई, फिल्टर म्हटला की पाणी वरून सोडतात. तुम्ही खालून कशाला ढकलताय?"

प्रश्न रास्त होता. वरून सोडलं तर सगळा गाळ वरच्याच थरात अडकतो आणि आठवड्यात खडीवर साय धरते. खालून सोडलं की जड घाण तळाशीच बसते, कारण एवढ्या मोठ्या हौदात पाण्याचा वेग मरून जातो. माझ्या पंपावर ताशी ४,००० लिटर लिहिलंय, उंची चढवून प्रत्यक्षात अडीच हजार मिळत असतील. त्या हिशेबाने पाणी खडीतून मिनिटाला जेमतेम दोन-तीन बोटं वर चढतं. एवढ्या सावकाश चाललेल्या पाण्याला प्रत्येक खड्यावरच्या बुळबुळीत थराशी भेटायला वेळ मिळतो. त्या थरातच जिवाणू असतात. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडं खातात. झाडांनी खाल्लं की पाणी हिरवं करणाऱ्या शेवाळाला उरत नाही.

दादांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि आक्सा ब्लेड माझ्या हातात दिलं. "मग चिरा तुम्हीच पाडा." दीड इंची पाईपचे सहा-सहा फुटांचे दोन तुकडे, दर दोन इंचांवर एक चीर, पाईपच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खोल. सत्तरच्या वर चिरा झाल्या. अंगठ्याच्या बेचक्यात दोन फोड.

आता खडीबद्दल. परदेशातली मंडळी यात वाटाण्याएवढे गुळगुळीत गोटे वापरतात. आपल्याकडे ते शोभेच्या दगडांच्या भावाने मिळतात, म्हणून मी बांधकामाची १० मिलिमीटरची काळी खडी घेतली, पाव ब्रास. आधी मूठभर खडीवर लिंबू पिळून बघितलं. फसफसलं तर चुनखडी, म्हणजे पाण्याचा पीएच वर नेणार. आमच्या भागातल्या खडीत मधूनच पांढरे स्फटिक चमकतात, त्यातल्या एकावर जरा बुडबुडे आले, बाकी सगळे गप्प. चालेल म्हटलं. (ज्या शहाबादी फरशीवरून पाणी तळ्यात पडतं, ती स्वतः चुनखडीच आहे. पण दोन फुटांच्या एका तुकड्यासाठी कोण भांडत बसणार.)

पहिली चूक इथे झाली. खडी धुतली होती, पण सून भांडी विसळते तशी, वरवर. पंप सुरू केला आणि दहा मिनिटांत तळं सिमेंटच्या पाण्यासारखं करडं. सगळी खडी घमेल्याघमेल्याने बाहेर काढून पुन्हा धुतली, त्यात एक रविवार गेला. नवरा म्हणाला, "सोनं धुतेस का?" पाणी चहाच्या गाळण्यातून पडल्यासारखं स्वच्छ येईपर्यंत धुवायची. एवढं एक वाक्य मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र नशिबाने बरोबर झाली. हौदाच्या कोपऱ्यात सहा इंची पाईपचा एक तुकडा उभा ठेवला, तळाशी भोकं पाडून, वर टोपण. तळाचा गाळ उपसायला. मामेभाऊ म्हणाला म्हणून ठेवला, तेव्हा उगाच वाटला होता.

झाडं लावताना मुळांची माती पूर्ण काढायची. बादलीत बुडवून, बोटांनी मुळं विंचरून. वेखंडाचा गड्डा धुताना हाताला जो वास लागला, तो थेट बाळंतिणीच्या खोलीचा. माझ्या मुलीच्या टाळूला सासूबाई रोज वेखंड लावायच्या. त्या तिथेच पायरीवर बसल्या होत्या, त्यांनाही वास आला असणार. काही बोलल्या नाहीत, पण सतरंजीचं त्या दिवशी काढलं नाही.

वेखंड, कर्दळ, काळ्या देठाचा अळू, एका टोकाला वाळा, कडेने ब्राह्मी. पाणकणीस लावलं नाही. दिसतं सुंदर, पण त्याचे टोकदार कंद पसरत कागद फोडतात. आणि जलपर्णीचं नावही काढायचं नाही. नदी गिळून बसते ती, माझ्या तळ्याची काय कथा.

पंप चोवीस तास. ४५ वॅटचा आहे, रोज साधारण एक युनिट. रात्री बंद ठेवून वीज वाचवायची नाही, कारण खडीतल्या जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो. पाणी तासन्‌तास थांबलं की ते मरतात आणि हौदाला गटाराचा वास येतो. आता पंप इन्व्हर्टरवर आहे.

फेब्रुवारीत पंप सुरू झाला. मार्चअखेर पाण्याला पारदर्शकपणा यायला लागला आणि एप्रिलमध्ये कर्दळ पिवळी पडली. नव्या खडीत हे होतंच, झाडांना पुरेल एवढं अन्न अजून साठलेलं नसतं. बागकाम करणाऱ्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं. हात शिवशिवतात. पण इथे झाड उपाशी असेल तरच ते पाण्यातलं खाणार. मी हात बांधून बसले.

सासूबाई बसल्या नाहीत. आम्ही दोन दिवस पुण्याला गेलो होतो. परत आलो तर कर्दळीच्या बुडाशी खडी उकरलेली, आणि आत दोन घमेली शेणखत. चांगलं, कुजलेलं, चाळलेलं. त्यांच्या हातचं खत म्हणजे आळीत नावाजलेलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मासे पृष्ठभागावर तोंडं वासून होते. शेणखत कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि पहाटे तो तसाही सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर झाडं आणि शेवाळही श्वास घेतात. टेस्ट किटमध्ये थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गडद हिरवं झालं. अमोनिया. दोन गोल्डफिश गेले. तिसरा हिस्सा पाणी बदललं, कर्दळीच्या बाजूची सगळी खडी काढली, धुतली, पुन्हा भरली. तळं पुन्हा मुगाचं पीठ.

मी काही बोलले नाही. बोलायचं होतं. त्या संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "अगं, पिवळी पडली होती गं ती."

जुलैत तळाची पांढरी गोटी दिसायला लागली. मुद्दाम टाकून ठेवली होती, नजर तपासायला. कर्दळ डोक्याएवढी उंच झाली. अळूची पानं इतकी येतात की आठवड्याला एकदा फदफदं होतंच, आणि पानं काढणं हाच खरा उपसा. झाडाने जे खाल्लं ते कापून बाहेर नेलं नाही तर तिथेच सडून परत पाण्यात. डेंग्यूची पाहणी करायला आलेल्या ताईंनी हौदात डबकं शोधलं, सापडलं नाही. पाणी खडीच्या इंचभर खाली असतं. तळ्यात गप्पी बघून रजिस्टरात काहीतरी लिहून गेल्या.

दिवाळीनंतर उभ्या पाईपचं टोपण काढलं, छोटा पंप आत सोडला. पहिली बादली काळीकुट्ट. दाट. नऊ महिन्यांचा माशांचा गाळ. मी ती गटारात ओतायला निघाले.

"थांब," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या. खाली उतरल्या, बादलीत बोट बुडवून वास घेतला. "हे तू ओतून देणार होतीस?"

अकरा बादल्या निघाल्या. सगळ्या त्यांच्या मोगऱ्याला आणि लिंबाला गेल्या, बारावी मिळते का म्हणून त्यांनी पाईपात वाकूनही बघितलं.