रबरी चपला आणि प्रेस कॅमेरा

विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा तर मी आधी पायात रबरी चपला घालतो. मग ती इस्त्री असो की मिक्सर. सवय वडिलांची. ते फ्यूज बसवताना लाकडी पाटावर उभे राहायचे आणि वर आम्हा पोरांना बजावायचे, "कुणी शिवू नका रे मला!" जणू सोवळ्यातच आहेत. त्यामुळे परवा दुपारी मित्राच्या घरी त्याच्या पंचाहत्तरी उलटलेल्या कॅमेऱ्याला फ्लॅश लावायला बसलो, तेव्हा मी दाराबाहेरच्या चपला आत घेऊन आलो. वहिनी हसल्या. हसू देत.

कॅमेरा स्पीड ग्राफिक. अमेरिकेत रोचेस्टरला बनलेला, चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा. लाकडी पेटी, वरून चामडं. पहिला 1912 साली निघाला. जुन्या अमेरिकन सिनेमांतले हॅटवाले बातमीदार जो ठोकळा घेऊन धावतात, तो हाच. न्यूयॉर्कचा वीजी नावाचा फोटोग्राफर रात्री-अपरात्री खून आणि आगी टिपत हिंडायचा तो ह्याच्यावरच. अंतर दहा फूट, अ‍ॅपर्चर एफ 16 (म्हणजे भिंगाचं भोक बारीक), सगळं घरूनच लावून निघायचं. प्रेताशेजारी उभं राहून आकडेमोड कोण करणार? आपल्याकडे जे. जे.मध्ये शिकलेल्या फोटोग्राफर होमाई व्यारावाला ह्यांनीही हा ठोकळा वापरला, आणि तोही साडी नेसून. पदर, पेटी, फ्लॅश आणि फ्लॅशची लोंबती वायर एका वेळी कशी सांभाळत असतील, हा प्रश्न मला त्यांच्या फोटोंइतकाच भारी वाटतो.

ह्याचा मूळचा फ्लॅश म्हणजे एक चकचकीत दांडा. आत टॉर्चचे तीन मोठे सेल, वर ताटलीएवढा रिफ्लेक्टर, मध्ये एकदाच पेटून जळून जाणारा बल्ब. मित्राला तो दांडा मिळालाच नाही. मिळणार कुठून? 1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये ल्यूकच्या हातातली ती प्रकाशाची तलवार आहे ना, तिची मूठ ह्याच दांड्याची केलेली. तेव्हापासून तलवारवाले लोक दांडे घेऊन जातात आणि कॅमेरे बोडके राहतात.

दांडा नव्हता, पण वायर होती. ही वायर नीट बघण्यासारखी आहे. एका टोकाला शटरच्या दोन पिनांवर बसणारं बूच, आणि दुसऱ्या टोकाला चक्क अमेरिकन घरातला दोन चपट्या पात्यांचा प्लग. दांड्यावरची सॉकेटंही तशीच असायची. असा प्लग कुठल्याही दुकानात मिळतो, हाच विचार असणार. आपल्याकडे जुन्या गोल भोकांत तो गेला नसता. पण हल्लीच्या एक्स्टेंशन बोर्डांना कसलाच विधिनिषेध नाही, जगातला कुठलाही प्लग गिळतात. मित्राने निरागसपणे बोर्ड ओढून जवळ घेतला. मी ओरडलो. शटरमधल्या ज्या कॉन्टॅक्टना जन्मभर साडेचार व्होल्टच माहीत, त्यांच्यावर दोनशे तीस सोडले असते. शटर दाबताच सरळ शॉर्ट सर्किट, आणि ती पेटी ह्याच्या छातीशी. चपला माझ्या पायात होत्या, त्याच्या नव्हत्या.

मग त्याने कपाटातून वडिलांचा जुना इलेक्ट्रॉनिक फ्लॅश काढला. मी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला. (हो, पिशवीत असतो.) फ्लॅशच्या बुडाशी एक सळई मधल्या टिकलीवर, दुसरी कडेच्या पट्टीवर. आकडा दोनशेच्या पुढे! डिजिटल कॅमेरा अशाने मरतो. ह्या पितळी यंत्राला त्याचं फारसं काही नाही, पण शटरच्या त्या दोन पिना उघड्याच, आणि फोकस करताना बोट नेमकं तिथेच घुटमळतं. जीव जाणार नाही बहुधा, हात झटकला जाईल आणि तीन किलोची पेटी पायावर पडेल. तो फ्लॅश परत कपाटात गेला. सेल काढले तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ वीज मुरून बसते, म्हणून उघडून बघू नकोस एवढं सांगितलं.

नवा छोटा फ्लॅश पाच-सहा व्होल्टवाला निघाला. पेटीच्या पोटाला ट्रायपॉडचं भोक असतं, त्यात एल-ब्रॅकेट कसलं. लाकडात नवीन स्क्रू मारायचा विचारसुद्धा करू नये. जुन्या वायरचा प्लग मी कापून टाकला आणि तिथे फ्लॅशला चालणारा जोड बसवला. शटरवरची बारीक कळ एम वरून एक्स वर आणली. एम बल्बसाठी, एक्स इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी. बल्ब पेटून भरात यायला सेकंदाचा पन्नासावा भाग घेतो, म्हणून शटर त्याच्यासाठी थांबतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला तेवढा धीर नाही. एम वर ठेवलात तर पडदा उघडायच्या आत त्याचं नाटक आटोपलेलं.

बल्ब म्हटलं की आमच्या आत्याच्या लग्नातला फोटोग्राफर. प्रत्येक बल्ब बसवण्याआधी तो त्याचं बूड जिभेने चाटायचा. कॉन्टॅक्ट चांगला होतो म्हणे. आजी पुटपुटली, "उष्ट्या दिव्याने फोटो काढतोय मेला." आम्हा पोरांचा डोळा जळलेल्या बल्बांवर. गरमागरम, काचेवर फोड आलेले, आत राखाडी धूर गोठलेला. काच फुटून उडू नये म्हणून वरून पारदर्शक रोगणाचा थर असायचा, त्याचेच ते फोड. हे आता कळलं; तेव्हा खिसे भरायची घाई होती. काही बल्बांवर निळा ठिपका असे. तो गुलाबी झाला तर आत हवा शिरलेली, असा बल्ब पेटवायचा नाही, फुटतो. आमच्या फोटोग्राफरने ठिपका कधी पाहिला असेल असं वाटत नाही. आणि त्या ताटलीसमोर, चार हातांवर, नटूनथटून आत्या बसलेली.

फोटो एकच काढला, मित्राचा. फिल्म अजून होल्डरमध्येच आहे. चार बाय पाच धुवायची टाकी आमच्यात कुणाकडेच नाही.